मिठाच्या खोलीत नेमकं काय होतं? कोरड्या मीठ-उपचाराचा हिशेब

दमा, खोकला, कफ यांवर उतारा म्हणून बारीक मीठ श्वासातून घ्यायला लोक पैसे देऊन बसतात ती मिठाची खोली. तिच्यात पाऊल टाकलं की नजर आधी भिंतींवर जाते. गुलाबी विटा, त्यांच्यामागून येणारा केशरी उजेड, पायाखाली जाड्या मिठाचा थर. फोटो झकास येतात, पण श्वासाच्या दृष्टीनं या सगळ्याचं काम जवळजवळ शून्य. मीठ वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस लागतात. नागपूरचा नवतपा कितीही कडक असो, खोलीतल्या तापमानाला मिठाची वाफ होत नाही. भिंतीतलं मीठ भिंतीतच राहतं. छातीत जाणारं मीठ, जर जात असेल तर, येतं ते भिंतीमागे किंवा शेजारच्या कप्प्यात बसवलेल्या एका मशीनमधून.

या मशीनला हॅलोजनरेटर म्हणतात. त्यात फार गुंतागुंत नाही. वर मीठ भरायची चाडी, तिच्याखाली थोडं थोडं मीठ पुढे ढकलणारा स्क्रू, मग अतिशय वेगानं फिरणारं पातं असलेली दळणाची कुपी, आणि दळलेली भुकटी नळीतून खोलीत फेकणारा पंखा. बऱ्या मशीनला हवेतलं मीठ मोजणारा सेन्सरही असतो. हवेत मीठ ठरलेल्या पातळीला पोचलं की स्क्रू थांबतो, कमी झालं की पुन्हा सुरू होतो. स्वस्त मशीनमध्ये सेन्सरऐवजी नुसता टायमर असतो, त्यामुळे खोलीत माणसं दोन असोत की सहा, दार उघडलेलं असो की बंद, मीठ तेवढंच येत राहतं.

म्हणून केंद्रात गेल्यावर पहिला प्रश्न मशीनचा विचारायचा. ‘आमच्याकडे भिंतीच इतक्या मिठाच्या आहेत की मशीन लागत नाही’ असं उत्तर आलं, तर ती छान सजवलेली विश्रांतीची खोली आहे असं समजावं आणि पैसेही तेवढेच द्यावेत. तपासायची एक सोपी रीत आहे. दिवे मालवायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. हवेत बारीक मीठ असेल तर उजेडाचा पट्टा धुक्यातल्यासारखा स्पष्ट दिसतो. बिनमशीनच्या खोलीत तसा पट्टा दिसत नाही. फार तर एखाददुसरा धुळीचा कण चमकून जातो.

कणाचा आकार हाच सगळा खेळ

मीठ किती बारीक दळलं आहे, यावर ते कुठे पोचणार हे ठरतं. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण नाकात आणि घशातच अडकतात. १ ते ५ मायक्रॉनचे कण खालच्या श्वासनलिकांपर्यंत जाऊ शकतात. त्याहून खूप बारीक, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे, बरेचसे उच्छ्वासाबरोबर परत बाहेर पडतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपण भाजीत घालतो त्या मिठाचा दाणा साधारण ३०० मायक्रॉनचा असतो. तो हवेत उडवला तर नाकापर्यंतसुद्धा नीट येत नाही, सरळ खाली पडतो.

कण हवेत किती वेळ टिकतो, हेही आकारावरच अवलंबून. स्थिर हवेत ५० मायक्रॉनचा मिठाचा कण नऊ फुटांच्या छतापासून जमिनीवर यायला १५-२० सेकंद घेतो. १० मायक्रॉनचा सात मिनिटं, ५ मायक्रॉनचा जवळपास अर्धा तास, आणि १ मायक्रॉनचा दहा-अकरा तास. यावरून एक उपयोगी निष्कर्ष निघतो. सेशन संपल्यावर अंगावर, चादरीवर, केसांवर पांढरी भुकटी डोळ्यांना दिसण्याइतकी साचली असेल, तर ‘बघा किती मीठ मिळालं’ म्हणून खूश होऊ नये. मशीन जाड दळतंय. बहुतेक वेळा पातं झिजलेलं असतं, नाहीतर मीठ ओलसर होऊन गोळ्या झालेल्या असतात. ओठांवर हलकी खारट चव येणं मात्र अगदी ठीक.

आता यातली एक मेख. छातीतली हवा जवळजवळ पूर्ण दमट असते आणि मीठ पाणी ओढतं. कोरडा कण आत शिरला की फुगायला लागतो. शरीरातल्या द्रवाइतका, म्हणजे ०.९ टक्के खारट, होईपर्यंत फुगला तर त्याचा व्यास सहापट होतो. ०.९ टक्क्यांच्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ असतं आणि कोरड्या मिठाच्या रूपात ते जेमतेम चार मिलिलिटर जागा घेतं, त्यावरून हा हिशेब निघतो. मोठ्या कणांना एका श्वासात एवढं फुगायला वेळ मिळत नाही, पण १ मायक्रॉनचा कण वाटेतच पाच-सहा मायक्रॉनचा होऊ शकतो. म्हणजे मशीनच्या कागदावर लिहिलेला आकार आणि छातीत पोचणारा आकार वेगळा. ‘आमचं मीठ फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातं’ हे वाक्य जाहिरातीत वाचलं की म्हणूनच जरा दमानं घ्यावं.

मीठ कोणतं?

मशीनमध्ये घालायचं मीठ औषधी दर्जाचं, ९९.९ टक्क्यांच्या वर शुद्ध सोडियम क्लोराइड असावं लागतं. सैंधव चालत नाही. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, कारण सगळी जाहिरातच ‘हिमालयीन’ या शब्दावर उभी असते. सैंधवाचा गुलाबी रंग लोहाच्या संयुगांमुळे येतो. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि न विरघळणारी खनिज माती असते. भाजीत ती चालते, श्वासात नको. शुद्ध मीठ श्वासनलिकेत विरघळून जातं, माती विरघळत नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात मिळणारे सैंधवाचे दगड भिंतीला लावायला हरकत नाही. दळायच्या मशीनमध्ये ते जाता कामा नयेत. घरचं आयोडीनयुक्त मीठही नको. त्यात आयोडेट असतं आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड असते. केंद्राला ‘पाकीट दाखवा’ म्हणायला लाजू नये.

४५ मिनिटांत छातीत मीठ जातं तरी किती?

इथे थोडं गणित करू. कुठल्याही माहितीपत्रकात ते सापडत नाही आणि मिठाच्या खोलीकडून काय अपेक्षा ठेवायची ते त्यातूनच कळतं.

निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण ८ लिटर हवा आत घेतो. ४५ मिनिटांत ३६० लिटर, म्हणजे ०.३६ घनमीटर. मशीनवाल्या खोलीत एका घनमीटरमध्ये १० मिलिग्रॅम मीठ आहे असं धरलं, तर पूर्ण सेशनमध्ये नाकातोंडातून आत जाणारं मीठ ३.६ मिलिग्रॅम. त्यातलं काही नाकात अडतं, काही परत बाहेर येतं. १०×१२ फुटांच्या, नऊ फूट उंच खोलीत एका वेळी तरंगणारं सगळं मीठ मिळून ३०० मिलिग्रॅम होतं, म्हणजे एक चिमूट. मशीन सेशनभरात याहून बरंच जास्त मीठ खातं, कारण ते सतत खाली बसत असतं आणि बाहेरही ओढलं जातं.

आता याच्या शेजारी डॉक्टर देतात ते खारं पाणी ठेवा. ७ टक्के सलाइनचं नेब्युलायझेशन, म्हणजे त्याचे बारीक तुषार करून श्वासातून देणं, सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात वापरतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत १६४ रुग्णांना ४ मिलिलिटर द्रव दिवसातून दोनदा, ४८ आठवडे दिला. ७ टक्के सलाइन घेणाऱ्यांमध्ये आजार उसळण्याचं प्रमाण साध्या सलाइनवाल्यांपेक्षा बरंच कमी राहिलं. त्या एका डोसमध्ये मीठ असतं २८० मिलिग्रॅम. नेब्युलायझरमधलं बरंच वाया जातं, छातीत साधारण दहावा हिस्सा पोचतो असं धरलं तरी २८ मिलिग्रॅम झाले. मिठाच्या खोलीत आत ओढलेलं सगळंच्या सगळं मीठ छातीत टिकलं, तरी ते याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकं. त्यामुळे ‘खारट वाफेनं कफ सुटतो हे सिद्ध आहे, तेव्हा मिठाच्या खोलीचंही सिद्ध आहे’ ही उडी मारता येत नाही. तत्त्व एकच आहे: मीठ श्वासनलिकेच्या आतल्या थरावर पाणी ओढतं, कफ पातळ होतो, बारीक केस त्याला वर ढकलतात. मात्रा मात्र फारच वेगळी.

या गणिताचा एक दिलासाही आहे. रक्तदाब असलेल्यांना ‘मीठ आहे, तुम्ही येऊ नका’ असं सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम मिठाची आहे. त्यापुढे ३-४ मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही. रक्तदाबवाल्यांनी खोलीतल्या मिठापेक्षा ताटातलं लोणचं-पापड मोजावं.

दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर हीच मात्रा मोठी वाटते. १० मिलिग्रॅम म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांसाठी, भारतातलं २४ तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. हवेची गुणवत्ता दाखवणारं छोटं यंत्र चालू मशीनच्या खोलीत नेलं तर आकडा लाल होऊन अडकतोच. मीठ विरघळतं, कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेसारखं किंवा डिझेलच्या काजळीसारखं छातीत साचून राहत नाही. त्यामुळे दोन्ही एका मापानं मोजणं बरोबर नाही. पण संवेदनशील श्वासनलिकेला कोरड्या कणांचा एवढा मारा त्रास देऊ शकतो, आणि देतो.

दमा असलेल्यांनी हे नीट वाचावं

दम्याच्या निदानासाठी एक चाचणी केली जाते, त्यात रुग्णाला ४.५ टक्के खारं पाणी नेब्युलायझरनं देतात. हेतू असा की श्वासनलिका अतिसंवेदनशील असेल तर ती आक्रसते आणि फुंकण्याची क्षमता १५ टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त घसरते. म्हणजे मीठ हे दमा चाळवण्यासाठी मुद्दाम वापरलं जाणारं साधन आहे. म्हणून रुग्णांना तीव्र सलाइन देण्याआधी श्वासनलिका मोकळ्या करणारा साल्ब्युटामॉलचा पंप देतात. खोलीतली मात्रा कमी असल्यानं बहुतेकांना काही होत नाही, पण होऊ शकतं हे माहीत हवं.

औषधाच्या दुकानात पीक फ्लो मीटर मिळतो, काही शे रुपयांत. सेशनच्या आधी उभं राहून, पूर्ण श्वास घेऊन तीनदा जोरात फुंका आणि सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवा. सेशन संपल्यावर १५ मिनिटांनी पुन्हा तसंच करा. आकडा १५ टक्क्यांनी घसरला, म्हणजे ४०० चा ३४० झाला, तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही. ‘सुरुवातीला त्रास होतोच, मग सुटतं’ असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. आणि पंप खिशातच ठेवा, लॉकरमध्ये नव्हे.

रोजचा प्रतिबंधक पंप बंद करून मिठाच्या खोलीचं पॅकेज घेणं हा यातला सर्वांत महाग पडणारा उद्योग. स्टिरॉइडचा पंप बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस काहीच बिघडत नाही, उलट ‘मिठानं बरं वाटतंय’ असा समज होतो. सूज हळूहळू परतते, आणि मग एखाद्या थंडीच्या पहाटे रुग्ण नागपुरातल्या मेडिकलच्या किंवा मेयोच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयांच्या, अपघात विभागात पोचतो.

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. क्षयाचा रुग्ण बंद खोलीत अनोळखी लोकांसोबत ४५ मिनिटं खोकत बसला तर मीठ त्या जंतूंना रोखत नाही. मिठाची खोली ‘आपोआप निर्जंतुक’ असते, हा दावा खोडूनच टाकायला हवा. ताप, थुंकीतून रक्त, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, घरी ऑक्सिजन लागेल इतका वाढलेला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार), सुरू असलेली केमोथेरपी, यांपैकी काही असेल तर खोलीत जाऊच नये. गरोदर बाईनं आधी डॉक्टरांना विचारावं.

पुरावा किती?

हा उपचार खाणींतून आला. पोलंडमधल्या व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीचे डॉक्टर फेलिक्स बोचकोव्स्की यांनी १८३९ मध्ये तिथे उपचार केंद्र सुरू केलं. हल्लीच्या माहितीपत्रकांत ते श्वासोपचाराचे जनक म्हणून येतात, प्रत्यक्षात त्यांच्या केंद्राचा मुख्य भर मिठाच्या पाण्याच्या स्नानांवर होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या एन्नेपेटाल इथल्या गुहेत लोक बॉम्बहल्ल्यांपासून लपत. तिथे दम्याच्या रुग्णांना बरं वाटतं हे डॉक्टर श्पानागेल यांच्या लक्षात आलं. गंमत अशी की ती गुहा मिठाची नाहीच, चुनखडीची आहे. मग बरं कशानं वाटलं? परागकण नाहीत, धूर नाही, तापमान स्थिर, हवा दमट. हा धागा मिठाच्या जाहिरातीत कुणी ओढत नाही. मीठ दळून खोलीत सोडायचं मशीन आलं ते विसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात, सोव्हिएत संघात.

दम्यातल्या गुहा-उपचारावर कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं घेतलेल्या आढाव्यात तीनच चाचण्या निकषांत बसल्या, मिळून १२४ मुलं, आणि त्यांतली एकच बऱ्या दर्जाची. सीओपीडीतल्या मीठ-उपचाराचा आढावा २०१४ मध्ये निघाला. त्यात दीडशेवर लेखांतून चार अभ्यास उरले, त्यांतला फक्त एक चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यासारखा, म्हणजे यादृच्छिक. दोन्ही आढाव्यांनी शिफारस करण्याइतका पुरावा नाही असंच म्हटलं. उपयोग होत नाही असं यातून सिद्ध होत नाही, पण ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असा बोर्ड लावण्याचा अधिकारही मिळत नाही.

नागपुरात हे चालवायचं म्हणजे

इथल्या हवेत मिठाची खोली चालवणं ही वेगळीच कसरत आहे, आणि ग्राहकानं त्यातलं थोडं समजून घेतलं तर पैसे वाचतात.

शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत कोरडं राहतं. त्यावर गेली की ते हवेतून पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. खड्याचं मीठ आणि सैंधव त्याआधीच ओलावतात, कारण त्यांतलं मॅग्नेशियम क्लोराइड खूपच कमी आर्द्रतेत पाणी ओढतं. जुलै-ऑगस्टमध्ये नागपूरची सकाळची आर्द्रता ८० च्या वर असते. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी त्या दिवसांत जशी ओली होते, तशाच या भिंती पाझरतात. खालच्या विटांवर ओघळ दिसतात, सांधे भुसभुशीत होतात, मागच्या एलईडीच्या पट्टीचे जोड हिरवे पडतात. ओल्या मिठात वीज खेळते, म्हणून अर्थिंग आणि गळतीचा करंट तोडणारं ब्रेकर नसलेली अशी खोली धोकादायक.

मशीनचं तर विचारूच नका. चाडीत रात्रभर राहिलेल्या मिठाचा सकाळी दगड होतो. स्क्रू अडकतो किंवा गोळ्या पुढे ढकलतो, पातं त्यांचं जाड कणात रूपांतर करतं, आणि नळीच्या वळणावर खारट चिखल साचतो. आवाज येतो, पंखा फिरतो, हवेत मात्र कामाचं काही नसतं. पावसाळ्यात चाडी रोज संध्याकाळी रिकामी करावी लागते. मीठ लहान, बंद पाकिटांतलं, एका दिवसाला एक असं वापरावं लागतं. कुपी कोरड्या ब्रशनं साफ करतात. पाण्यानं धुतली आणि पूर्ण वाळायच्या आत मीठ घातलं, की पुन्हा तोच चिखल. खोलीत आर्द्रता शोषणारं यंत्र रात्रीही चालू ठेवावं लागतं, कारण एसी बंद झाल्यावर काही तासांत भिंती पाणी ओढतात. पावसाळ्यात गेलात तर भिंतीवरचा आर्द्रतामापक बघा. काटा ४० ते ६० मध्ये हवा. मापकच नसेल तर आणखी काही विचारायची गरज नाही.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा. मे महिन्यात दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, मीठ खुळखुळीत कोरडं राहतं, मशीन उत्तम दळतं. पण ४५ अंशांत खोली थंड कशी ठेवणार? नागपूरकराचा पहिला विचार कूलर. तो इथे बाद. कूलर चालायला खिडकी उघडी लागते, आणि त्याचा वारा हवेतलं मीठ मिनिटभरात बाहेर घालवतो, वर दमटपणा वाढवतो. एसीच लागतो, आणि त्याचंही आयुष्य कमी होतं. साध्या स्प्लिट एसीची जाळी १ ते ५ मायक्रॉनचे कण अडवत नाही. ते आतल्या थंड कॉइलवर बसतात, तिथल्या पाण्यात विरघळतात आणि ॲल्युमिनियमचे पापुद्रे खाऊन टाकतात. जाणकार केंद्रं एसीचं युनिट मिठाच्या खोलीबाहेर ठेवून थंड हवा नळीनं आत घेतात.

शिवाय खेळती हवा. वर सांगितलेल्या १०×१२ च्या खोलीत सहा जण ४५ मिनिटं पूर्ण बंद बसले तर कार्बन डायऑक्साइड २,००० पीपीएमच्या पुढे जातो. डोकं जड होतं, पेंग येते. ‘शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडताहेत’ असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. खरं कारण कोंदलेली हवा. एवढ्या खोलीत तीन-चार माणसं पुरेत, आणि दोन सेशनच्या मध्ये १५-२० मिनिटं एक्झॉस्ट चालायला हवा. सलग बॅचेस लावणाऱ्या ठिकाणी आधीच्यांचा खोकला तुमच्या वाट्याला येतो.

जायचंच असेल तर

सुती, सैल कपडे घाला. अत्तर, बॉडी स्प्रे नको. बंद जागेत तोच दुसऱ्या कुणाचा तरी दमा चाळवतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. मोबाइल बाहेर, चार्जिंगच्या खाचेत मीठ गेलं की ती गंजते, आणि रील बघत पडायचं तर घरचा पलंग काय वाईट? छातीसाठी आला असाल तर नाकानं सावकाश श्वास घ्या, दोन-तीन सेकंद थांबा, सोडा. जोरानं ओढलं तर कण घशातच आदळतात. खोकल्याची उबळ आली, छाती आवळल्यासारखी वाटली, की उठून बाहेर यायचं, सेशनचे पैसे वसूल करत बसायचं नाही. बाहेर आल्यावर पाणी प्या. कफ सुटत असेल तर तो थुंकून टाका.

लहान मुलांना पायाखालचं मीठ म्हणजे वाळूचा ढीग वाटतो. तो थर शेकडो पावलांखालचा असतो आणि बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं बदलला जात नाही, वरवर दाताळं फिरवतात. मूठभर तोंडात गेलं तर उलट्या तर होतातच, लहान मुलाच्या रक्तातलं सोडियमही धोकादायक वाढू शकतं. मुलांसाठी थर नसलेली, साध्या फरशीची खोली निवडावी आणि वेळ २०-२५ मिनिटांच्या पुढे नेऊ नये.

त्वचेबद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. सोरायसिससाठी मृत समुद्राचं उदाहरण दिलं जातं. तिथे लोक ३० टक्क्यांहून खारट पाण्यात डुंबतात आणि तासन्‌तास उन्हात बसतात, आणि त्यातल्या ऊनाचा, म्हणजे अतिनील किरणांचा वाटा मोठा असतो. अंगावर बसलेल्या चिमूटभर भुकटीला ते श्रेय देता येत नाही. तेलकट त्वचेवर थोडा कोरडेपणा बरा वाटू शकतो. इसब खाजवून फाटलेलं असेल तर मीठ झोंबतं आणि उरलेला ओलावाही ओढतं. आधीच उन्हाळ्यात इथली कातडी तडकते. घरी येऊन साध्या पाण्यानं अंग धुवा आणि ते दमट असतानाच मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावा.

विश्रांतीचं म्हणाल तर ती खरी आहे. मंद उजेड, फोन नाही, पाठ टेकलेली, संथ श्वास, पाऊण तास कुणी हाक मारत नाही. नाडी शांत होते, झोप चांगली लागते. त्यात मिठाचा हात किती, हे वेगळं काढून दाखवणं अवघड; पण त्यासाठीच जात असाल तर तक्रारीला जागा नाही.

घरच्या वस्तूंपैकी सैंधवाचा दिवा हा दिवाच आहे. हवा शुद्ध करण्याइतके आयन त्यातून निघत नाहीत, आणि पावसाळ्यात तो टेबलावर पाणी सोडतो, तेव्हा खाली बशी ठेवा. चिनी मातीची ‘मिठाची चिलीम’ही तशीच. जाड खड्यांवरून हवा ओढल्यानं मायक्रॉनचे कण तयार होत नाहीत. नाक चोंदणं आणि सायनस हा तुमचा मुख्य त्रास असेल, तर त्यासाठी मिठाच्या खोलीपेक्षा जलनेतीच्या मागे पुरावा जास्त भक्कम आहे, आणि खर्च जवळजवळ नाही. एक लिटर पाणी खळखळ उकळून कोमट होऊ द्या, त्यात ९ ग्रॅम बिनआयोडीनचं शुद्ध मीठ, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा, पूर्ण विरघळवा. पाणी जळजळलं तर मीठ कमी-जास्त झालंय, कारण साधं पाणीही नाकाला झोंबतं. नळाचं, बोअरचं किंवा फिल्टरचं पाणी न उकळता कधीच वापरू नका. त्यातला नेग्लेरिया हा अमिबा नाकावाटे मेंदूत पोचू शकतो आणि मग रुग्ण क्वचितच वाचतो. नेतीनंतर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या हळू, आळीपाळीनं शिंकरा. दोन्ही एकदम दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानात चढतं. भांडं धुऊन उलटं वाळवा आणि उरलेलं पाणी उद्यासाठी ठेवू नका.